बाराने भागायच्या आधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पगाराचा आकडा सांगितलास आणि लगेच म्हणालीस, "बाबा, एवढ्याशासाठी शिकले का मी?" मी गप्प बसलो. फोनवर हिशेब करायला गेलो की माझे आकडे चुकतात, हे तुझ्या आईने एव्हाना घरादाराला सांगून ठेवलंय. म्हणून रात्री कागद घेऊन बसलो.

आधी तो आकडाच सोलून बघू. नेमणुकीच्या पत्रात असतं ते वर्षाचं पॅकेज. समजा ते 120 आहे. तू त्याला 12 ने भागलंस, महिन्याचे 10 आले आणि त्यावर खोली शोधायला निघालीस. आता दुसरं पान वाच. 120 पैकी 12 वर्षअखेरीस, काम बघून, मिळाले तर मिळणार. 8 हा रुजू होण्याचा बोनस. तो एकदाच, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडलीस तर बहुधा परत करायचा. 10 कंपनी तुझ्या निवृत्तीच्या खात्यात आणि विम्यात भरणार. ते तुझ्याच भल्याचे, पण त्यातून घरमालकाला काही देता येत नाही. उरले 90, म्हणजे महिन्याला साडेसात. कर आणि निवृत्तीखात्यातला तुझा स्वतःचा वाटा मिळून 1 कापला गेला की हातात साडेसहा. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुझ्या कागदावरचे वेगळे असतील, पण घसरण साधारण याच वाटेने होते. दहाच्या भरवशावर 3 भाड्याची खोली घेतलीस, तर ज्याला तू 30 टक्के समजत होतीस ते प्रत्यक्षात 46 टक्के निघतील. कुणी फसवलेलं नसतं. सगळं लिहिलेलं असतं, फक्त बारीक टायपात.

दुसरं तुझ्या त्या 'सरासरी'बद्दल. वर्गाचा सरासरी पगार तुझ्यापेक्षा बराच जास्त आहे, असं म्हणालीस. 10 जणांत 9 जणांना 20 मिळाले आणि एकाला 120, तर सरासरी येते 30. तीस मात्र कुणालाच मिळालेले नसतात! नऊ जण घरी बसून आपण मागे पडलो म्हणून झुरतात. सरासरी विचारू नकोस. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध कोणता येतो, ते विचार. आणि ज्यांना अजून नोकरीच लागलेली नाही, त्यांना त्या हिशेबात धरलंय का, तेही विचार.

आता भाड्याची ती 30 टक्क्यांची फूटपट्टी. सगळीकडे सांगतात, भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसवा. हा आकडा जिथून इतका पसरला ती गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून जास्तीत जास्त किती भाडं घ्यावं, याची मर्यादा 1969 साली कायद्याने 25 टक्के ठरली आणि 1981 साली ती 30 केली. नव्या पदवीधराने कसं राहावं, याचा तिथे विचारच नव्हता. त्याच्याही कितीतरी आधी, 1857 साली, एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो. साहजिक आहे, पोट काही टक्क्यांत खात नाही. पगार निम्मा झाला म्हणून कुणी अर्धं जेवत नाही की अर्ध्या दाराच्या खोलीत राहत नाही. मोठ्या पगाराच्या माणसांनी बसवलेले 'इतके टक्के गरजा, इतके हौस, इतकी बचत' हे साचे तुला पहिल्या वर्षी अंगाला घट्ट होणार. तेव्हा महिनाअखेर त्या साच्यात बसलं नाही म्हणून स्वतःला उधळी ठरवू नकोस. टक्के बाजूला ठेव आणि रोख रकमा लिही: भाडं, जेवण, प्रवास, वीज-पाणी, फोन, शिक्षणकर्जाचा हप्ता. वर्षातून एकदाच येणारे खर्च सगळे विसरतात. औषधं, कपडे, बिघडलेला फोन, घरी यायचं तिकीट. त्यांची बेरीज मात्र 12 ने भागून दर महिन्यात धर. (घरी यायचं तिकीट वर्षातून एकदाच धरलंस तर आईशी तू बोल, मी मध्ये पडणार नाही.)

माझी फजिती तुला कधी सांगितलेली नाही. पहिल्या नोकरीवर मी महिन्याच्या 18 तारखेला रुजू झालो. तिथे 15 तारखेनंतर आलेल्यांची नावं पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात घेत. म्हणजे पहिला पगार हातात पडेपर्यंत 42 दिवस. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पैशाचं विचारणं तेव्हा मला हलकं वाटायचं. खोलीची अनामत भरून झाली होती, पहिल्या महिन्याचं भाडंही. मग गादी, बादली, कुलूप, दिवा, असल्या फुटकळ वस्तूंनी उरलेला खिसा रिकामा केला. शेवटचे 12-13 दिवस मी एका सहकाऱ्याच्या उसनवारीवर काढले आणि घरी लिहिलं की मजेत आहे. पगार वाईट नव्हता. तो येईपर्यंत तग धरायची तजवीज नव्हती, एवढंच. तुझ्या बाबतीत मला खरी काळजी याच दिवसांची आहे.

लांबची स्वस्त खोली घेऊ का, हेही विचारलं होतंस. जाऊन-येऊन रोजचे 2 तास वाढत असतील, तर कामाच्या 22 दिवसांत 44 तास होतात. एका आठवड्याच्या नोकरीपेक्षा जास्त. भाड्यात वाचलेल्या रकमेतून आधी प्रवासखर्च वजा कर, उरलेल्याला 44 ने भाग. तेवढ्या मोलाने तू तुझा एक तास विकशील का? पहिल्या वर्षी मी तरी जवळची, लहान, दोघींत वाटून घेतलेली खोली निवडेन.

राहिला तुझा मूळ प्रश्न. पहिला पगार तुझ्या हुशारीइतकाच ज्या वर्षी तू बाहेर पडलीस त्या वर्षावरही ठरतो. कॅनडातल्या पदवीधरांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला मागे पडली आणि ती तूट जवळपास 10 वर्षं राहिली. जी थोडीफार भरून निघाली, ती हळूहळू अधिक पगार देणाऱ्या कंपन्यांकडे सरकत गेल्याने. त्यामुळे या नोकरीत काय शिकायला मिळेल आणि इथून पुढे कुठे जाता येईल, याची चौकशी पगाराइतकीच कर. वाढीवर फार हुरळू नकोस. 10 टक्के वाढ मिळाली आणि महागाई 6 टक्के असली, तर खरी वाढ पावणेचारच्या आसपास.

म्हणून आकडा वाढवून मागायचा असेल तर एकदा, नीट, लेखी माग. नाही म्हणाले तर रुसू नकोस. पण सही करण्याआधी त्यांना हे विचारच: हातात नेमके किती येतील, पहिला पगार कोणत्या तारखेला, बोनस परत करण्याची अट काय, आणि पगाराचा फेरविचार कधी. मी विचारलं नाही ते तू विचार.

अनामत आणि पहिल्या 2 महिन्यांचं भाडं आम्ही देतोय. ते कर्ज नाही, वहीत मांडू नकोस. तिसऱ्या महिन्यापासून तुझं तू.

गादी विकत घेऊ नकोस, माळ्यावर एक चांगली आहे. मी उद्या उन्हात टाकतो. आई विचारतेय, बादल्या एक की दोन?

तुझा,
बाबा