पेनल्टी शूटआउट म्हणजे मटका नव्हे

महोदय,

फुटबॉलचा मोठा अंतिम सामना बरोबरीत राहून शूटआउटवर (दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्टी किकवर) सुटला की दुसऱ्या दिवशी क्रीडा पानावर ‘लॉटरी’ हा शब्द हमखास येतो. पुरुषांच्या विश्वचषकाचे तीन अंतिम सामने असे सुटले. १९९४ मध्ये पहिली किक इटलीची, इटली हरली. २००६ मध्येही पहिली किक इटलीचीच, पण इटली जिंकली. २०२२ मध्ये फ्रान्सने सुरुवात केली आणि फ्रान्स हरला. तेव्हा पहिली किक कोणाची हे ठरवणारी नाणेफेक बाजूला ठेवू, पायाकडे बघू.

चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. ताशी १०० किलोमीटरने मारला तर ०.४ सेकंदात रेषेवर. किक बघून मग झेप घ्यायला गोलरक्षकाला वेळच उरत नाही. बाजू आधीच ठरवावी लागते. २०२२ च्या अंतिम सामन्यात लुसैलला अर्जेंटिनाच्या डिबालाने याचाच फायदा घेतला. त्याने चेंडू सरळ मधोमध मारला, तोवर फ्रान्सचा गोलरक्षक लोरिस बाजूला झेपावला होता. वरचा कोपरा मात्र महागडा. तिथे गोलरक्षक पोहोचत नाही हे खरे, पण बार (गोलची आडवी पट्टी) २.४४ मीटरवर आहे आणि बूट जरा जास्त खाली घुसला की चेंडू वरून जातो. १९९४ मध्ये इटलीचे बारेसी आणि बाज्जिओ, दोघांचेही चेंडू बारवरून गेले. २००६ मध्ये फ्रान्सच्या त्रेझेगेचा बारवर आदळून खाली पडला, रेषेच्या अलीकडेच.

किक मारायची तर १२० मिनिटांअखेर मैदानावर असावे लागते, म्हणून शेवटच्या क्षणी बदली खेळाडू उतरवतात. २०२१ मध्ये वेम्बलीवरच्या युरो (युरोपीय अजिंक्यपद) अंतिम सामन्यात इंग्लंडने रॅशफर्ड आणि सँचोला असेच आणले आणि दोघेही चुकले. चेंडूला पाय न लागलेला खेळाडू थंडच असतो. (डिबालाही असाच उशिरा आला होता, म्हणजे हा नियम नव्हे, जोखीम आहे.) त्यापेक्षा मोठी चूक हुकमी खेळाडू पाचव्या किकसाठी राखून ठेवण्याची. २०१२ च्या युरो उपांत्य सामन्यात रोनाल्डोची पाळी येण्याआधीच पोर्तुगाल हरले होते. २०२२ मध्ये फ्रान्सचा एम्बापे आणि अर्जेंटिनाचा मेस्सी, दोघेही आपापल्या संघाच्या पहिल्याच किकला आले.

आता गोलरक्षक. त्याच सामन्यात फ्रान्सचा चुआमेनी किक मारायला आला तेव्हा अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझने चेंडू दूर फेकला. तो चुआमेनीला आणावा लागला आणि किक खांबाबाहेर गेली. पुढच्याच वर्षी नियमात स्पष्ट झाले की गोलरक्षकाने किकला उशीर करून किंवा खांब, बार, जाळीला हात लावून मारणाऱ्याचे लक्ष विचलित करायचे नाही. किकच्या क्षणी गोलरक्षकाच्या एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या बरोबर वर हवेत किंवा तिच्या मागे हवा. तो पुढे सरकला आणि चेंडू अडवला, तर किक पुन्हा. चेंडू मुळातच बाहेर गेला, तर सहसा पुन्हा नाही. टीव्हीसमोर वाद होतो तो नेमका इथेच.

एक विनंती. पुढच्या वेळी निकालाशेजारी एक छोटी चौकट द्या : किकचा क्रम, चेंडू कुठे मारला, गोलरक्षक कुठे झेपावला. दहा ओळींत बसेल.

– एक वाचक, कोल्हापूर