निर्लेखनाआधी बंद यंत्रं आयटीआयला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी बहुतेक सरकारी कार्यालयांत एक मागची खोली असते. तिथे बंद पडलेले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, स्कॅनर आणि झेरॉक्स मशीन धूळ खात पडलेले असतात. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद असल्यामुळे त्यांना कोणी हात लावत नाही. पुढे कधीतरी निर्लेखन होतं, म्हणजे रजिस्टरातून नाव कमी होतं, आणि सगळा ढीग एका लॉटमध्ये बाहेरगावच्या खरेदीदाराकडे जातो. त्या ढिगावर पहिला हक्क जिल्ह्यातल्या सरकारी आयटीआयचा असावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र.

समुद्रपूर तालुक्यात माझं वेल्डिंग आणि शेती अवजारं दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण आयटीआय, ट्रेड फिटर. दुकानात एक सीएनसी राऊटर आहे. कॉम्प्युटरवर काढलेली आकृती तो लाकडात किंवा प्लास्टिकच्या जाड शीटमध्ये कापतो. कबाड्याकडून किलोच्या भावाने घेतलेले प्रिंटर-झेरॉक्सचे सांगाडे आणि हार्डवेअरच्या दुकानातलं सामान, यांतून तो उभा केला. हत्यारं म्हणाल तर हॅक्सॉ, कानस, हँड ड्रिल, गुण्या, टेप आणि सोल्डरिंगची कांडी.

गावात याचं काय काम, असं लोक विचारतात. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. ट्रॅक्टरच्या टोकण यंत्रात बियाणं मोजून सोडणारी प्लास्टिकची चकती असते. तिच्या खाचा सोयाबीनला वेगळ्या, तुरीला वेगळ्या, हरभऱ्याला वेगळ्या. खाच झिजली की एका जागी दोन-तीन दाणे पडतात. चकती तडकली तर अख्खं तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामं जातं, आणि ते कळतं वावर उगवल्यावर. नेमक्या त्याच आठवड्यात बाजारात चकती मिळत नाही. आता मी जुनी चकती व्हर्नियरने मोजतो, आकृती काढतो आणि नवी कापून देतो. शेतकऱ्याने बियाणं सोबत आणलं तर खाच त्याच दाण्याच्या मापाची करता येते. घरचा सोयाबीनचा दाणा आणि पिशवीतला दाणा सारखा नसतो, हे पेरणाऱ्याला सांगायला नको. पोळा जवळ आला की गावातले सुतारकाका तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घेऊन येतात. बाजूच्या फळ्या आणि चाकं यंत्र कापतं. वशिंडाची गोलाई आणि तोंड ते पटाशीनेच काढतात. तिथे यंत्राने हात घालू नये, असं माझं मत आहे.

आता ज्या ढिगासाठी हे पत्र लिहितो आहे, त्याच्या आत काय असतं ते सांगतो. झेरॉक्स मशीनमध्ये पॉलिश केलेले पोलादी गोल दांडे असतात, सरळ आणि कडक. तालुक्यात असा दांडा नवा करून घेणं अवघड आहे. माझ्या यंत्राचा आडवा सरकभाग त्यांच्यावरच चालतो. जुन्या प्रिंटरांत आणि स्कॅनरांत स्टेपर मोटर निघते. ती एकेक पाऊल टाकत फिरते. या कामाला जी लागते तिची एका फेऱ्यात २०० पावलं होतात, म्हणजे पावलाला १.८ अंश. काही प्रिंटरांत ४८ पावलांची निघते, ती इथे कमी पडते. चार वायरींपैकी जोडी कोणती हे ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही. दोन वायरींची टोकं एकमेकांना लावून बोटांनी शाफ्ट फिरवा. तो जड झाला की ती जोडी. नव्या इंकजेट प्रिंटरांत बहुधा पावलं न टाकणारी साधी डीसी मोटर आणि जागा ओळखायला रेघांची पट्टी असते, त्यामुळे जुना, वजनदार प्रिंटरच जास्त मोलाचा.

विकत घ्यावं लागलं ते यंत्राला हुकूम देणारं छोटं अर्डुइनो बोर्ड, मोटरला करंट देणारे ड्रायव्हर आणि लाकूड कापायला सुतार वापरतात तो ट्रिमर. आकृतीप्रमाणे मोटरी हलवणारं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. १२ व्होल्टचा पुरवठा जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून घेतला. सरकवायला ८ मिलिमीटरचा आट्यांचा रॉड आहे, त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, १.२५ मिलिमीटर. ड्रायव्हर एका पावलाचे सोळा भाग करतो, म्हणजे फेऱ्याला ३२०० आणि दर मिलिमीटरला २५६० पावलं. कागदावर हे माप फार बारीक दिसतं, पण नट आणि आटे यांच्यातली ढिलाई ते खाऊन टाकते. दिशा बदलली की मोटर फिरते आणि टेबल जागेवरच राहतं. दोन नटांच्या मधे दाबाची स्प्रिंग बसवली की ही ढिलाई निघते. आयटीआयच्या पोराला बॅकलॅशची, म्हणजे याच ढिलाईची, व्याख्या पाठ असते. इथे तो बॅकलॅश त्याच्या बोटांना जाणवतो. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहायला मी दोन्ही कर्ण टेपने मोजतो, सुतार दाराची चौकट तपासतो तसेच.

आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. लाइन गेली की यंत्राला आपण कुठे आहोत हे आठवत नाही आणि अर्धवट काम वाया जातं. यावरचा उपायही भंगारातच होता. झेरॉक्सच्या झाकणाजवळचे छोटे मायक्रोस्विच काढून मी सरकभागांच्या टोकांना लावले. लाइन आली की यंत्र त्यांना जाऊन टेकतं, तिथून आपली जागा शोधतं, आणि कामाचा शून्यबिंदू बोर्डाच्या मेमरीत जपलेला असल्यामुळे काम पुन्हा धरता येतं. लोखंड मात्र हे यंत्र कापत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, सुरू झाली, एका खेड्यात. आमच्या वर्ध्यात १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेही ग्रामोद्योगाच्या हत्यारांसाठी. तेव्हा खेड्यातल्या पोरांना यंत्र उघडून पाहू द्या, ही मागणी या मातीला नवी नाही.

ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच गेला पाहिजे, असा २०२२ चा नियम आहे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. तो योग्यच आहे. भंगारवाले तांब्यासाठी वायरी जाळतात तो धूर मी पाहिला आहे. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की निर्लेखनाचा ठराव होण्याआधी यंत्र एका सरकारी कार्यालयाकडून दुसऱ्या सरकारी संस्थेकडे, म्हणजे आयटीआयकडे, वर्ग करावं. निदेशकांच्या, म्हणजे तिथल्या शिक्षकांच्या, देखरेखीखाली मुलं ते उघडतील. एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज आणि टोनरची पूड यांची काळजी कशी घ्यायची हेही तिथेच शिकतील. दांडे, मोटरी, स्विच आणि बेल्ट वर्कशॉपमध्ये राहतील, उरलेला सांगाडा आणि सर्किट नियमाप्रमाणे नोंदणीकृत ठिकाणी जाईल. जिल्हाधिकाऱ्यांनी या कामासाठी एक परिपत्रक काढावं आणि रजिस्टरात वर्ग केल्याची नोंद कशी घ्यायची हे त्यात स्पष्ट लिहावं. कार्यालयातले लोक अडतात ते याच नोंदीपाशी.

कोणत्याही आयटीआयच्या निदेशकांना मुलांसह हे यंत्र पाहायला यायचं असेल तर दुकान उघडं आहे. पेरणीचा पंधरवडा तेवढा सोडावा.

आपला,
एक फिटर, ता. समुद्रपूर, जि. वर्धा