मशहदपेक्षा शिरोडा जवळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इराणमधल्या मशहद शहरात बायकांचे खून करणाऱ्या सईद हनाईवरच्या माहितीपटाचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण एखादा परिच्छेद छपाईत गळाला असावा अशी शंका आली. गळाला नव्हता. १६ बायकांचे गळे आवळणाऱ्या माणसाच्या 'श्रद्धेचे गूढ', युद्धावरून परतलेल्या त्या गवंड्याची 'विलक्षण शांतता' यांवर आपल्या समीक्षकांनी दोन रकाने खर्च केले आहेत. बायकांच्या वाट्याला एक ओळ आली, आणि तीत त्या 'रस्त्यावरच्या' एवढेच कळते. सोबत त्याचा रंगीत फोटो. छान आहे फोटो.

पणजीत तो माहितीपट दाखवला, त्या प्रयोगाला मीही होते. दिग्दर्शक माझियार बहारींनी हनाईला बोलू दिले आहे, पण बापाच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगणारा त्याचा कोवळा मुलगाही दाखवला आहे. मला त्या मुलाची भीती वाटली. एका टॅक्सीवाल्याने माझ्या बायकोला वेश्या समजून हटकले, तिथून हे सुरू झाले, असे हनाई सांगायचा. मग शहर 'शुद्ध' करायला निघालेला हा गृहस्थ टॅक्सीवाल्यांच्या वाटेला गेला नाही. मारल्या त्या बायकाच. एवढा साधा प्रश्न समीक्षकांना पडू नये?

पण माझे डोके फिरले ते शेवटच्या वाक्याने. 'असे अशा देशांतच घडू शकते.' बरे. समीक्षक गोव्यात नवीन असतील तर सांगते, फोंड्याहून शिरोडा फार दूर नाही. तिथल्या महानंद नाईकला २००९ साली पकडले, तेव्हा त्यानेही १६ खुनांचीच कबुली दिली. हनाई बायकांच्याच डोक्यावरच्या रुमालाने गळा आवळायचा, आमचा त्यांच्याच ओढणीने. याला धर्म लागला नाही. लग्नाचे आमिष आणि अंगावरचे सोने पुरले. मशहदच्या पोलिसांना वर्ष लागले म्हणून समीक्षक हळहळतात. नाईकने पहिला खून केला १९९४ साली, म्हणजे आमच्या पोलिसांना १५ वर्षे लागली. त्यातही कित्येक खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला. का लागली इतकी वर्षे? मुलगी घरून गेली तर ती पळूनच गेली असणार, हे घरच्यांनाही पटत होते म्हणून.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या अटकेच्या पाच-सहा वर्षे आधीची गोष्ट. आमच्या वाड्यावरची एक मुलगी संध्याकाळी घरी आली नाही. मुलगी म्हणते खरी, पण बत्तीस वर्षांची होती, लग्न जमत नव्हते, शिवणकाम करायची. तिचे वडील माझ्याकडे आले, अर्ज लिहून द्यायला. मी शिक्षिका, त्यामुळे वाड्यावरचे सगळे अर्ज माझ्याच हातचे. मीही त्यांच्याबरोबर पोलिसांकडे गेले. तिथल्या हवालदाराने तिचे वय विचारले, लग्न झाले का विचारले, आणि पेनाला टोपण लावले. म्हणाला, "गेली आसतली कोणा वांगडा. दोन दीस रावात, येतली परत." (गेली असेल कोणाबरोबर. दोन दिवस थांबा, येईल परत.) मी वाद घालायला तोंड उघडले, तर वडिलांनीच माझ्या हातातला अर्ज घेतला, त्याची चार वेळा घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

ती पळून गेली नव्हती. दुचाकीने उडवलेली, बेशुद्ध, इस्पितळात पडून होती. खाटेला चिठ्ठी : अनोळखी स्त्री. तिसऱ्या दिवशी वाड्यावरच्याच एकाने ओळखले, तो आपल्या आजीला पाहायला गेला होता म्हणून. पायाला प्लास्टर घालून घरी आली, तरी बायका मला आडून विचारत, "बाई, खरेच अपघात ना?" जमत आलेले एक स्थळ त्यातच मोडले.

पुढे २००९मध्ये तुमच्याच पेपरात रोज एक नवा आकडा यायचा, तेव्हा तिचे वडील एका सकाळी आमच्या बलकांवावर (ओसरीवर) येऊन बसले. म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तो कागद..." आणि चहा न घेताच उठून गेले.

हनाईला २००२च्या एप्रिलमध्ये फाशी झाली. त्याला पाठिंबा देणारे लोकही होते आणि वर्तमानपत्रेही, हे समीक्षकांनी उद्गारचिन्ह टाकून लिहिले आहे. आमच्या हवालदाराने कुणाला पाठिंबा दिला नव्हता. त्याने नुसते टोपण लावले.

जाता जाता. प्रयोग रात्री नऊला संपला. राजधानीतून त्या वेळी फोंड्याला यायचे कसे, यावर कधी पुरवणी काढाल का? मी आणि माझी भाची स्थानकावर पाऊण तास ताटकळलो, शेवटी तिच्या नवऱ्याला गाडी घेऊन बोलावले. शेजारी हॉटेलात काम करणारी एक मुलगी तशीच बसची वाट पाहत उभी होती. तिला बाणस्तारीपर्यंत सोडतो म्हटले. ती आधी गाडीच्या मागे गेली, नंबर वाचून फोनवर आईला सांगितला, आणि मगच आत बसली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा
(नाव छापू नये. मागच्या पत्राचा शेवट कापला होता, या वेळी कापू नये.)