ट्यूब फेकू नकोस

चिपळूण, रविवार

प्रिय नंदा,

काल फोन ठेवला आणि झोपच लागेना. कमरेला गोल चट्टा, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, लावली की चार दिवस बरं, सोडली की दुप्पट. अगं, गेल्या वर्षी आईचं अगदी हेच झालं होतं.

परकराची नाडी बसते तिथे तिला गजकर्ण झालं होतं. रात्री खाजेने उठून बसायची. पण पुरुष डॉक्टरांना कंबर दाखवायची नाही म्हणून सहा महिने तिने ट्यूबवरच काढले. शेवटी मी पुण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची व्हिडिओवर वेळ घेतली. आईने दार लावलं, पदर दातात धरला आणि म्हणाली, "धर आता फोन नीट."

बाईंनी आधी ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. मागची बारीक अक्षरं मी वाचली: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉल. हे शेवटचं म्हणजे जबर स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, पण कातडीची लढायची ताकदही दबते आणि बुरशी पसरतच राहते. चट्ट्याची कड पुसट झाली की बघणारा डॉक्टरही चकतो. आईच्या कमरेवर बाळंतपणात पडतात तसे पट्टे उठलेत, ते काही आता पूर्ण जायचे नाहीत. 2018 मध्ये सरकारने कितीतरी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात. मला याचा फार संताप येतो. तू ट्यूब फेकू नकोस, तिचा खोकाही ठेव, डॉक्टरांना दाखवायला.

फोटोंचं सांगते. आमचे पहिले फोटो रात्री बल्बखाली काढलेले, बाईंनी परत पाठवले. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लालभडक दिसत नाही, तपकिरी-जांभळट दिसते, आणि पिवळ्या उजेडात तीही हरवते. सकाळी पडवीत बसवून, पावडर धुऊन, फ्लॅश आणि फिल्टर बंद करून काढले. एक हातभर लांबून, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे फोटो धुरकट होत नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला खाजतंय?" आई गप्प. बाबा बाहेरून म्हणाले, "मला." दोन महिने लपवत होते! टॉवेल एकच. दोघांचं औषध बरोबर सुरू झालं, आणि खाज थांबल्यावरही बाईंनी सांगितलेले सगळे आठवडे चालू ठेवलं.

शेवटी आईने दंडावरचा एक फिकट डाग दाखवला. बाईंनी डोळे मिटायला सांगून मला त्यावर कापसाची वात टेकवायला लावली. वात कुठे लागतेय ते सांगताना आई अडखळली. तेव्हा बाई म्हणाल्या, "हे मी फोनवर ठरवणार नाही. सरकारी दवाखान्यात हात लावून तपासून घ्या, कुष्ठरोग असलाच तर औषध तिथे मोफत मिळतं." तसं काही निघालं नाही, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या नकारामुळे.

धडगावाहून नंदुरबारला जायचं म्हणजे तुझा अख्खा दिवस मोडतो, मला कळतं. सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर घरबसल्या पैसे न देता डॉक्टरांशी बोलता येतं, तिथून सुरुवात कर. त्वचेचे डॉक्टर तेव्हा नसले तर आमच्या बाईंची वेळ मी घेते. कुणालाही दाखव, पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघ.

येत्या रविवारी आठला मी फोन करते. तोवर दिनेशभावजींनाही विचारून ठेव, त्यांना कुठे खाजतंय का.

तुझीच,
मंगल