दार लोटून सांगितलेली गोष्ट: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय: धार्मिक संस्थांमध्ये पॉर्नच्या सवयीबद्दल चालणारे समुपदेशन आणि त्यातली गोपनीयता

मंत्रिमहोदय,

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. तिच्यात एकतीस माणसांची नावं आहेत. नावापुढे तारीख आणि तारखेपुढे दोन-तीन शब्द. ‘पुन्हा घसरला.’ ‘चाळीस दिवस झाले, ठीक.’ ‘बायकोला कळलंय.’ अक्षर माझंच आहे.

आमच्या धार्मिक संस्थेत मी नऊ वर्षं हे काम केलं. मोबाइलवर नको ते बघणं ज्यांना सुटत नाही, अशांशी बोलायला बसायचं. माझ्याकडे मानसशास्त्राची पदवी नाही. मी शाळामास्तर होतो. ‘पोरं तुमच्याशी मोकळी बोलतात, तुम्हीच बसा,’ असं संस्थेच्या प्रमुखांनी सांगितलं आणि मी बसलो. धर्म कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिला, तर वाचणारा ‘त्यांच्यातच असली थेरं चालतात’ म्हणेल आणि पुढे वाचणार नाही.

एक तरुण यायचा. सामूहिक प्रार्थनेत पुढच्या रांगेत उभा राहून गायचा, आवाज चांगला होता. पहिल्या दिवशी त्याने तीनदा उठून दार नीट लागलंय का ते पाहिलं. तिसऱ्यांदा बसल्यावर बोलायला लागला आणि तासभर थांबला नाही. ‘हे तुमच्या-माझ्यातच राहील ना?’ असं त्याने विचारलं. मी ‘अर्थातच’ म्हणालो.

दोन महिन्यांनी माझी गाडी अडली. त्याला पुढे काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांचा सल्ला घेतला. नाव सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या वेळी ते चुकीचं वाटलंच नाही. घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं. त्यांनी त्याच रात्री संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘आपला एक तरुण बंधू मोबाइलच्या मोहात अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी सर्वांनी प्रार्थना करावी.’ नाव घेतलं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात पुढच्या रांगेतली त्याची जागा रिकामी होती, आणि तो मागे भिंतीला टेकून उभा होता. ‘काही दिवस विश्रांती घे’ असं त्याला सांगण्यात आलं होतं. दोनशे माणसांनी ग्रुपवरची ओळ वाचली होती आणि दोनशे माणसांनी ती रिकामी जागा पाहिली. आणखी काही सांगायची गरज राहिली नाही.

तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. रस्त्यात दिसला की मान खाली घालतो. खरं सांगायचं तर मीही घालतो.

या प्रकरणात दुष्ट कुणीच नव्हतं. ज्येष्ठांना खरोखरच प्रार्थना हवी होती, प्रमुखांना खरोखरच त्याला विश्रांती द्यायची होती, आणि मला खरोखरच सल्ला हवा होता. मराठीत ‘षट्कर्णी’ म्हणतात. सहा कानांवर गेलेलं गुपित उरत नाही. आमच्याकडे ते चांगल्या हेतूने, डोळे मिटून आणि हात जोडून षट्कर्णी झालं.

हे पत्र तुम्हाला का, धार्मिक बाबी बघणाऱ्या खात्याला का नाही, असं तुमचे अधिकारी विचारतील. कारण आम्ही नऊ वर्षं जे करत होतो तो उपचारच होता, निदान आम्ही तो उपचार समजत होतो. ‘व्यसन’ हा शब्द आम्ही सर्रास वापरायचो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘पॉर्नचं व्यसन’ असा आजार नाही, हे मला फार उशिरा कळलं. मे २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या त्याच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, ६सी७२ या क्रमांकाखाली लैंगिक वर्तन अनावर होण्याचा विकार आहे. तोही दारू-तंबाखूच्या रांगेत नाही. आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये त्याची नोंद आहे. प्रयत्न करूनही आवरता येत नाही, असं साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालावं लागतं, आणि त्यापायी माणसाचं जगणं विस्कटावं लागतं किंवा त्याला मोठा त्रास व्हावा लागतो. त्यात एक अट आहे, ती मी दोनदा वाचली. माणसाला होणारा त्रास जर केवळ ‘हे पाप आहे, वाईट आहे’ या त्याच्या नैतिक समजुतीतूनच येत असेल, तर तेवढ्यावर हे निदान करता येत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या आपल्या पुस्तिकेत, अशा विकाराचा प्रस्ताव घेतलाच नव्हता.

ते वाचून मी वही काढून बसलो. सातव्या पानावरचा माणूस महिन्यातून एक-दोनदा बघायचा आणि स्वतःला कायमचा बुडालेला समजायचा. झोप उडाली होती, जेवण सुटलं होतं. एकोणिसाव्या पानावरचा रात्री दोनपासून उजाडेपर्यंत बघायचा, कामावर डुलक्या घ्यायचा, शेवटी नोकरी गेली. दोघांना मी एकच औषध दिलं होतं: प्रार्थना, थंड पाण्याने अंघोळ आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्याला बहुधा अपराधी भावनेसाठी मदत हवी होती, दुसऱ्याला सवयीसाठी. जोशुआ ग्रब्ज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर बरंच संशोधन केलं आहे. धार्मिक माणसाला ‘मी व्यसनी आहे’ असं वाटतं, तेव्हा त्यामागे तो किती बघतो यापेक्षा त्याला ते किती निषिद्ध वाटतं याचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जिथे ही सवय सगळ्यांत जास्त लाजिरवाणी, तिथेच माणूस स्वतःला सगळ्यांत जास्त आजारी समजणार, आणि तिथेच बोभाटा झाला तर त्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होणार. गोपनीयता इतरांसाठी सोय असेल. आमच्यासारख्या संस्थांत तिच्याशिवाय कुणी तोंडच उघडणार नाही. आणि ज्या लाजेपासून पळण्यासाठी माणूस मोबाइल उघडतो, तीच लाज आम्ही चौपट करून त्याच्या हातात देतो.

डॉक्टरांना गोपनीयतेचं बंधन असतं, परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञाला असतं. माझ्यावर कुठलंच नव्हतं. मी काही फोडलं असतं, तर माझा कुठलाही परवाना जाणार नव्हता, कारण परवाना होताच कुठे? माझ्याकडे येणाऱ्याला मात्र हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, देवाच्या घरातली खोली म्हणजे दवाखान्यापेक्षाही सुरक्षित.

धर्मांना यातलं काही कळत नाही असं नाही. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपाशी दिलेल्या पापांच्या कबुलीची, गुप्तता १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून लिखित नियमात आहे, आणि ती थेट मोडणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे. पण मला त्याहून शहाणी वाटली ती त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतली पुढची दोन कलमं. ९८४ म्हणतं, पापनिवेदनातून कळलेली गोष्ट ज्याची त्याच्याविरुद्ध वापरायची नाही, गुपित फुटणार नसेल तरीही नाही. आणि अधिकारपदावरच्या माणसाने ती कारभारात आणायचीच नाही. ९८५ म्हणतं, धर्मगुरू घडवणाऱ्या गुरुकुलाच्या प्रमुखाने आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन ऐकू नये, विद्यार्थ्याने एखाद्या वेळी आपखुशीने मागितलं तर गोष्ट वेगळी. मला हे आधी माहीत असतं, तर पुढच्या रांगेतली ती जागा रिकामी झाली नसती. ज्याच्या हातात माणसाला पुढे बसवणं किंवा मागे बसवणं आहे, त्याच्या कानावर ही गोष्ट जायलाच नको होती. अर्थात हे संरक्षण पापनिवेदनापुरतं आहे. तोच माणूस तीच गोष्ट त्याच धर्मगुरूला कार्यालयात खुर्चीवर बसून बोलला, तर तिला ती गुप्तता लागू होत नाही. समुपदेशन नेमकं त्या खुर्चीवर होतं.

आता बायकांबद्दल. वहीतली एकतीस नावं पुरुषांची आहेत. बायकांना ही सवय लागत नाही असं नाही. पण आमच्या खोलीत एखादी बाई येऊन हे सांगेल, अशी व्यवस्थाच आम्ही केली नव्हती. ज्या आल्या त्या बायको म्हणून आल्या. एक जण नवऱ्याचा मोबाइल हातात धरून आली होती. खूप रडली, आणि जाताना म्हणाली, मी आले होते हे त्यांना सांगू नका. पुढच्या वेळी नवरा आला तेव्हा त्याच्याशी बोलताना माझ्या तोंडून जे वाक्य गेलं, ते तिचंच होतं, शब्दन् शब्द. त्याने लगेच ओळखलं. घरी काय झालं ते मला तिने कधी सांगितलं नाही. एकाच छपराखालची दोन माणसं एकाच समुपदेशकाकडे येतात, तेव्हा कुणाचं काय कुणाला सांगायचं, हे ठरवायला आमच्याकडे कसलीच रीत नव्हती.

मग पहारा ठेवणारी ॲप आली. माणूस स्वतःच्या मोबाइलवर ॲप घालतो आणि त्याने काय उघडलं याचा अहवाल ‘साथीदारा’कडे जातो, काही ॲप पडद्याची चित्रंही पाठवतात. स्वखुशीने, विश्वासातल्या मित्राबरोबर कुणी हे करत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे साथीदार कोण असावा हे संस्था सुचवायची, आणि नाही म्हणणं म्हणजे लपवायला काहीतरी आहे असं धरलं जायचं. त्या अहवालात पॉर्न सोडून बाकीचंही सगळं येतं. कुणी रात्री कुठल्या आजाराची माहिती शोधली, कुणी दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज केला, कुणाच्या मनात धर्माविषयीच शंका आली. माझ्या फोनवर असे अहवाल यायचे आणि मी चहा पीत ते वाचायचो.

महोदय, सरसकट गुप्ततेची मागणी मी करत नाही. ‘काही झालं तरी कुणाला सांगणार नाही’ हे वचन मी नऊ वर्षं देत आलो आणि ते चुकीचंच होतं. एखाद्याने मुलांच्या अत्याचाराची चित्रं पाहतो असं सांगितलं असतं, किंवा घरातल्या मुलाबद्दल काही बोलला असता, तर मी काय केलं असतं? कुणी जीव द्यायचं बोलला असता तर? मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कळवणं अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. १९७६ च्या टॅरासॉफ निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रुग्णाकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्या माणसाला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. दुसरीकडे बर्लिनच्या शारिते रुग्णालयात २००५ पासून मुलांबद्दल लैंगिक ओढ वाटणाऱ्यांसाठी उपचार चालतात, आणि गोपनीयतेची खात्री असल्यामुळेच माणसं गुन्हा घडण्याआधी तिथे येऊ शकतात. ही रेघ कुठे ओढायची ते तुमच्या तज्ज्ञांनी ठरवावं. पण ओढलेली रेघ समोरच्याला आधी दाखवली पाहिजे, तो तोंड उघडण्याच्या आधी. बोलून झाल्यावर ‘आता हे मला कळवावं लागेल’ म्हणणं म्हणजे विश्वासघात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गोपनीयतेचं बंधन पदवीला न चिकटवता कामाला चिकटवा. पॉर्न, दारू, जुगार, लग्नातली भांडणं, कशासाठीही जो कुणी संस्थेच्या नावाने समुपदेशनाला बसतो, त्याला ते लागू असावं, मग त्याच्या अंगावर डॉक्टरचा कोट असो की धर्मगुरूचा झगा. पहिल्या भेटीत एक पानी कागद मोठ्याने वाचून दाखवावा: मी कोण, माझं शिक्षण काय, तुमची गोष्ट कुणाला सांगणार नाही, आणि कुठल्या तीन-चार प्रसंगी सांगावी लागेल. ज्याच्या हातात पदं आणि सभासदत्व आहे त्याने ही खुर्ची घेऊ नये, आणि खुर्चीवरच्या माणसाकडे त्याने नावं मागू नयेत. माझ्यासारखा अडला, तर नाव न सांगता विचारता येईल असा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ फोनवर मिळावा. मला तो मिळाला असता तर मी ज्येष्ठांकडे गेलोच नसतो. एकोणिसाव्या पानावरच्या माणसाला पुढे कुठे पाठवायचं तेही त्यानेच सांगितलं असतं. उपचार आहेत. ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी या मानसोपचार पद्धतीचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अवघ्या २८ पुरुषांचा होता, पण १२ बैठकांत बघण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. त्यात प्रार्थनेला कुणी मनाई केलेली नाही.

‘धर्मात सरकारने नाक खुपसू नये’ असं आमच्यातलेच काही म्हणतील. पाप कशाला म्हणायचं ते संस्थेने ठरवावं, मला त्यावर काही बोलायचं नाही. पण दार लोटून एखाद्याचं मन उघडं करायला बसवायचं आणि वर आमच्यावर कुठलाच नियम नको म्हणायचं, हे चालणार नाही.

आणि शेवटी त्या वहीचं. दोन वर्षांपूर्वी मी हे काम सोडलं. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी वही मागितली, ‘जुन्या लोकांची माहिती असावी’ म्हणून. मी सापडत नाही असं खोटं सांगितलं. ती मी जाळावी, की कुलपात ठेवावी, की त्या एकतीस जणांना बोलावून ज्याचं त्याचं पान फाडून हातात द्यावं, हे सांगणारा कुठलाही नियम मला सापडलेला नाही. तुमच्या खात्यात कुणाला माहीत असेल तर कळवावं. तोवर किल्ली माझ्याकडेच आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक