आईचा अंगठा आणि तुम्ही फाडलेली झेरॉक्स

बाजारातल्या सेवा केंद्राच्या ताईंना,

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. तरी पत्रात ताईच लिहिते, कारण त्या दिवशी आम्हा मायलेकींना तुम्ही मोठ्या बहिणीसारखं सांभाळलंत. पैसे घेतले नाहीत, आभारही मानू दिले नाहीत. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे.

मे महिन्यात आईच्या खात्यातून दोन दिवसांत 10,000 रुपये दोनदा गेले. आम्ही बँकेत पासबुक भरायला गेलो तेव्हा कळलं. मेसेज आले असतील तर ते भाच्याच्या बंद पडलेल्या नंबरवर, कारण खात्याला अजून तोच जोडलेला होता. ओटीपी नाही, कुणाचा फोन नाही. आई पासबुक छातीशी धरून एकच वाक्य बोलत होती, "मी कोणाक अंगठो देवक नाय."

तिथून आम्ही तुमच्या केंद्रात आलो. तुम्ही पासबुकातल्या नोंदीवर बोट ठेवलंत आणि तिच्या भाषेत म्हणालात, "घाबरा नको आजी, हे पैसे अंगठ्यार काढलेले आसत." मग मला समजावलंत. गावोगावी बँक मित्राकडे, म्हणजे बँकेनं नेमलेल्या गावातल्या माणसाकडे, आधारवर पैसे मिळतात, त्याला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा. पिन नाही, ओटीपी नाही. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवणाऱ्यांना तेलंगणा आणि कर्नाटकच्या पोलिसांनी पकडलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. मला एकदम आमचं हक्कसोडपत्र आठवलं. सामायिक सातबारा नसलेलं घर आपल्या कोकणात शोधावं लागेल. अशा कागदांवर किती म्हाताऱ्यांचे अंगठे उमटले असतील!

एक गोष्ट मला अजून टोचते. आईचं सगळं आयुष्य कोकमं फोडण्यात, मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, कालवण्यात गेलं. तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात की रेशन दुकानात अंगठा चार-चारदा पुसून ठेवावा लागतो. तिच्या स्वतःच्या तांदळासाठी न उमटणारा अंगठा चोराच्या हाती मात्र पहिल्या फटक्यात चालला.

तुम्ही आधी 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावलात. तक्रारीचा क्रमांक आईच्या पासबुकावर पेन्सिलीनं लिहिलात. मग बँकेला द्यायचा अर्ज करून दिलात आणि त्याच दिवशी पोच घ्या म्हणून बजावलंत. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेकडून खबर मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी "अंगठा तुमचाच आहे ना?" म्हणून आम्हाला परत पाठवायचं बघितलं, तेव्हा हा एक मुद्दा हातात होता म्हणून मी तिथून हलले नाही. पैसे परत आले. दोन महिने लागले, पण आले.

आईच्या आधारला माझा नंबर जोडून आल्यावर तुम्ही आधारच्या वापराची यादी उघडून दाखवलीत. तारीख, वेळ, अंगठा. सकाळी 11 ची वेळ होती. त्या वेळी आई खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती, मी तिच्याशेजारीच होते. ती ओळ बघून ती पहिल्यांदा रडली. मग तुम्ही आधारच्या बायोमेट्रिकला, म्हणजे अंगठ्याच्या वापराला, कुलूप लावायला शिकवलंत. आता रेशनच्या दिवशी मी ते तेवढ्यापुरतं उघडते. त्रास आहे, महिन्याला एकदा होतो, आणि मी तो आनंदानं घेते.

पण ताई, पैसे आले नसते तरी हे पत्र मी लिहिलंच असतं. त्या अर्जाला आईच्या आधारची झेरॉक्स काढताना एक प्रत वाकडी आली. तुम्ही ती टोपलीत टाकली नाहीत. बारीक तुकडे केलेत आणि ते आईच्या ओंजळीत दिलेत, "आजी, ह्यां तुमचां" म्हणून. चांगल्या प्रतीवर आडवं लिहिलंत, 'फक्त बँकेच्या तक्रारीसाठी', खाली तारीख. तुम्ही काही सांगितलं नाहीत. मीच बघत होते.

तारकर्लीच्या रस्त्याला आमचा तीन खोल्यांचा होमस्टे. त्या रात्री मी टेबलाचा खण ओढला. पाच वर्षांतल्या पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स, कोल्हापूरच्या, पुण्याच्या, बेळगावच्या, रबर लावून ठेवलेल्या. एका गठ्ठ्यात दोन लहान मुलांचीही कार्डं होती. काही कागदांच्या पाठीमागे मी दुधाचा आणि सुरमईचा हिशेब लिहिला होता. ज्यांनी आमच्या घरी विश्वासानं मुक्काम केला, त्यांची ओळख मी रद्दीसारखी वापरली होती. फोनमध्ये आणखी शंभरेक फोटो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व तुम्ही नंतर सांगितलंत, की काम संपलं की दुसऱ्याची माहिती जवळ ठेवायची नाही. कायदा नसता तरी त्या खणासमोर मला लाज वाटलीच असती.

पाहुण्यांची नोंदवही ठेवली आहे, ती लागतेच. बाकी जुनी चळत न्हाणीच्या चुलीत गेली, फोटो पुसले. आता बुकिंग घेतानाच सांगते की शेवटचे चारच अंक दिसणारं, झाकलेलं आधार आणा. कुणाकडे नसेल तर दुसरं ओळखपत्र बघते आणि परत देते. पुण्याच्या एका आजोबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तुमच्या केंद्राचा पत्ता सांगितला.

आईनं तुमच्यासाठी सोलं बांधून ठेवलीत, आणि आगळाची एक बाटली. बाजाराच्या दिवशी घेऊन येते. "त्या चेडवाक सांग, माजा कुलूप नीट आसा," असा तिचा निरोपही आहे.

तुमची,
तारकर्लीच्या रस्त्यावरची होमस्टेवाली