बॅटरीची पट्टी

उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. प्रसाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी आवाज चढवला आणि तू "बाबा, मी आता लहान नाही" एवढेच म्हणून फोन ठेवलास, तेव्हापासून जिवाला चैन नाही. सकाळी तुझी आई म्हणाली, की बोलायला लागलात की तुम्हा दोघांचे बिनसते, तेव्हा जे सांगायचे आहे ते कागदावर लिहा. म्हणून लिहितो आहे. रागवायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

तुझ्या जुन्या एमजीबी गाडीच्या डॅशला, म्हणजे डॅशबोर्डला, नवे मीटर बसवायच्या तयारीचा तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. स्टिअरिंगच्या मागून तुझा हात डॅशच्या आत गेलेला आहे, बोटात लग्नातली अंगठी आहे आणि मनगटाच्या वर डायनॅमोचा, म्हणजे बॅटरी भारणाऱ्या यंत्राचा, लाल दिवा पेटलेला आहे. तो दिवा पेटलेला म्हणजे किल्ली फिरवलेली आणि बॅटरी जोडलेली. तू म्हणालास, की दोनच मिनिटांचे काम होते, कोणती वायर कुठे जाते तेवढे पाहत होतो. मला त्या दोन मिनिटांचीच भीती वाटते, हे काल मला नीट सांगता आले नाही, नुसता ओरडलो.

तेलाच्या तापमानाच्या मीटरबरोबर अँपमीटर बसवू की व्होल्टमीटर, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तू विश्वासाने विचारले होतेस आणि मी ते सोडून भलतेच बोललो. अँपमीटर बसवू नकोस, व्होल्टमीटर बसव. अँपमीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह न्यावा लागतो, म्हणजे बॅटरीकडून येणारी जाड तपकिरी वायर तोडून डॅशपर्यंत आणायची आणि परत न्यायची; आणि त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत तपकिरी वायरला वाटेत कुठेही फ्यूज नसतो. व्होल्टमीटरला चिमूटभर प्रवाह पुरतो. त्याला हिरव्या वायरवरून, म्हणजे फ्यूजच्या पुढून आणि किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरवरून, जोड दे आणि मध्ये एक-दोन अँपियरचा वेगळा छोटा फ्यूज घाल. तुझ्या गाडीला अजून डायनॅमो आहे, त्याच कामाचा नवा आल्टरनेटर नाही, आणि इंजिन मंद असताना डायनॅमोची वीज पुरत नाही, म्हणून रात्री दिवे लावून सिग्नलला उभा राहिलास की काटा १२ च्या खाली उतरेल. त्याने घाबरू नकोस. इंजिनाने वेग घेतला की तो १३.५-१४ च्या आसपास जाऊन स्थिर व्हायला हवा. तसा गेला नाही, तर मात्र डायनॅमो आणि त्याच्या विजेवर ताबा ठेवणारा कंट्रोल बॉक्स पाहावा लागेल.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते. तुझी गाडी १९६६ ची आहे. एमजीबीला ऋण अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडायची पद्धत, १९६७ च्या अखेरीस आल्टरनेटरबरोबर आले, त्याआधीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. मधल्या काळात कोणी ते उलटे करून घेतले असेल तर सांगता येत नाही, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता मल्टिमीटर लावून स्वतः बघ. हल्ली दुकानात मिळणारे बहुतेक मीटर बॉडीला ऋण टोक आहे असे धरूनच केलेले असतात. काहींचे धातूचे कवच आतून ऋण टोकाला जोडलेले असते. तसा मीटर तू गाडीच्या पत्र्याच्या डॅशवर घट्ट आवळलास आणि वायर जोडलीस, तर मीटरच्या अंगातूनच शॉर्ट होईल. मीटर टेबलावर असतानाच कवच आणि टोक यांच्यामध्ये जोड आहे का ते तपास. आतला दिवा साध्या बल्बचा असेल तर त्याला धन-ऋण कळत नाही, एलईडीला कळते.

आणि हे सगळे बॅटरीची पट्टी, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणारी जाड तार, काढल्यावर. त्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्याही सीटच्या मागे, गालिच्याखाली, झाकणाच्या आत. तिथवर पोहोचायला सीट पुढे घ्या, गालिचा उचला, झाकण सोडवा, इतका खटाटोप आहे, म्हणूनच माणूस म्हणतो की एवढ्याशा कामासाठी कशाला. तोच आळस मला तुझ्या फोटोत दिसला. बॉडीला जाणारी पट्टी काढायची, मग ते टोक धन असो वा ऋण, कारण पाना चुकून पत्र्याला टेकला तरी त्या टोकावर काही होत नाही.

मी पुन्हा शिकवायला लागलो. तू इंजिनिअर आहेस, ऑक्सफर्डसारख्या गावात लोक तुला विचारून कामे करतात, आणि मी दहावीनंतर उद्यमनगरात पान्याला हात लावलेला माणूस. माझ्या स्वराने तुला कमीपणा वाटला असेल तर मला माफ कर.

पण विश्वासकाकाच्या जीपचे तुला पूर्ण कधी सांगितले नाही. त्या जीपला अँपमीटर मी बसवला होता. जाड वायर इंजिनकडून आत घेण्यासाठी पत्र्याला भोक पाडले आणि त्यात घालायला योग्य मापाचे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायचे कडे, त्या दिवशी हाताशी नव्हते, म्हणून नुसती चिकटपट्टी गुंडाळून वायर ओढून घेतली. उद्या घालू, म्हणालो. तो उद्या आलाच नाही. सहा महिने पत्र्याची कड वायरवर घासत राहिली आणि आंबा घाटात, गाडी उतारावर असताना, डॅशच्या मागून धूर आला. काका आणि काकू उड्या टाकून बाहेर पडले, माणसे वाचली, गाडी अर्धी जळाली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले तेव्हा त्या भोकाच्या कडेला तांब्याचा एक मणी वितळून चिकटलेला होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. ती चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती. त्यानंतर तीन वर्षे काका आपल्या गणपतीला का आला नाही, ते तू लहान असताना विचारायचास आणि आजी विषय बदलायची.

म्हणून तेलाच्या तापमानाच्या मीटरची वायर आत घेशील तिथे ग्रोमेट घातल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, प्लगमध्ये बसणारा सेन्सर आणि मीटर एकाच जोडीतले घे. दोघांचे ओहमचे, म्हणजे विजेच्या रोधाचे, माप जुळले नाही तर काटा हलेल, पण खोटे सांगेल. सेन्सरच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळू नकोस, कारण त्याला अर्थिंग त्या आट्यांमधूनच मिळते. कंपनीने दिलेला ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या तापमानाचा जोडमीटर मात्र आहे तसाच ठेव. पाण्याच्या बाजूला इथरने भरलेली बारीक तांब्याची नळी आहे, ती एकदा मुडपली किंवा चिरली की तो भाग मेला. ती सैल वेटोळे घालून ठेवलेली असते तशीच राहू दे.

आणि डॅशला भोके पाडायचा विचार सोड. ५२ मिलिमीटरचे भोक पाडायला पाच मिनिटे लागतात, पण तो काळा खरबरीत रंगाचा पत्रा ॲबिंग्डनच्या कारखान्यातून जसा निघाला तसा आजवर टिकला आहे. डॅशच्या खाली पत्र्याची एक वेगळी पट्टी लावून दोन्ही मीटर तिच्यावर बसव. उद्या तुला काढावेसे वाटले तर मागे खूण राहणार नाही.

तुझ्या गाडीचे बॉनेट उघडलेला पहिला फोटो आला त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना दाखवत फिरलो. १७९८ सीसीचे ते इंजिन म्हणजे आपल्या जुन्या ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या घराण्यातलेच आहे, दोन्ही बी-सिरीज. टॅपेटचे झाकण पाहताक्षणी मी ओळखले. ज्या ऑक्सफर्डात आपल्या ॲम्बॅसिडरची आई, मॉरिस ऑक्सफर्ड, तयार व्हायची, तिथे माझा मुलगा राहतो आणि तसेच इंजिन स्वतःच्या हाताने उघडतो, हे तुझ्या आजोबांना सांगायला हवे होते. तुला आठवते का, मी कॉम्प्रेसरच्या हवेवर ऑइल प्रेशरचे मीटर तपासायला बसलो की तू स्टुलावर उभा राहून मोठ्या मीटरचा काटा वाचायचास, "चाळीस, पन्नास, साठ," आणि दुरुस्त केलेल्या मीटरचा काटा मागे राहिला की माझ्याआधी ओरडायचास. सहा वर्षांचा होतास. मला ते तुझे ओरडणे फार आवडायचे.

म्हणूनच कालचा फोटो मनातून जात नाही. अंगठी सोन्याची आहे, सोने तांब्यासारखेच वीज वाहून नेते. एक बाजू जिवंत टोकाला आणि दुसरी पत्र्याला लागली तर ती क्षणात तापून बोटात रुतते, ओढून निघत नाही. उद्यमनगरात अशी दोन बोटे मी पाहिली आहेत. मृण्मयीला वाईट वाटणार नाही, तिला मी स्वतः फोन करून सांगीन. कामाला बसताना अंगठी काढून तिच्याच हातात देत जा.

पुन्हा तेच लिहिले. तिसऱ्यांदा लिहीत असेन. लिहिलेले खोडणार नाही.

आईने कांदा-लसूण चटणीचे पार्सल केले आहे, त्यात मी निरनिराळ्या मापांची बारा ग्रोमेट घातली आहेत. ती येईपर्यंत काम थांबव. येत्या शनिवारी पुन्हा सुरू करशील तेव्हा मला एक फोटो पाठव, डॅशचा नको, सीटच्या मागचा पाठव. पट्टी सुटून गालिच्यावर बाजूला पडलेली दिसली पाहिजे. मी जागा असेन.

तुझा,
बाबा